बेटावरचे भावोजी

भावोजी गेम खेळत असताना मागे उभं राहून बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, कम्प्युटर हँग झाला असणार. पडद्यावर एक दगडी भिंत असते, भिंतीत एक बंद दार असतं आणि भावोजी त्या दाराकडे बघत असतात. बऱ्याच वेळानं भिंत जराशी डावीकडे सरकते, तेव्हा कळतं की नाही, चालू आहे. मग ते एका झाडाकडे बघतात. झाडावरून पुन्हा दाराकडे. मग मांडीवरच्या डायरीत एक चौकोन काढतात, त्यात दोन टिंबं देतात, एक टिंब खोडतात आणि "अच्छा, म्हणजे असं आहे तर!" असं दाराला उद्देशून म्हणतात. दार उघडत नाही. भावोजींच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र बघण्यासारखा असतो.

माझा भाचा सहावीत असताना मोठ्या आशेनं स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसला होता. आपले बाबा गेम खेळतात, ही बातमी त्यानं वर्गात ऐटीत सांगितली होती.

"बाबा, बंदूक कधी मिळते?"

"मिळत नाही."

"मग शत्रूला कसं मारायचं?"

"शत्रू नाहीत."

"मग तुम्ही हरता कसे?"

"हरत नाही."

"मग जिंकता कसे?"

ह्यावर भावोजींनी जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तसं जिंकतही नाही." मुलगा स्टूल घेऊन निघून गेला. पुढे त्यानं वर्गात काय सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही.

अशी माणसं आता बरीच झाली आहेत. चाळिशी-पन्नाशीतली, चष्मा लागलेली, घरच्यांबरोबर क्रिकेटही बघणारी, दिसायला तुमच्या-आमच्यासारखीच. रात्री जेवणं उरकली, दूध फ्रिजमध्ये गेलं, की ही मंडळी कानांवर हेडफोन चढवतात आणि कुठल्यातरी निर्मनुष्य बेटावर निघून जातात. बेटच लागतं असं नाही. टाकून दिलेला कारखाना, पाण्याखाली गेलेलं शहर, अवकाशातला एखादा उजाड ग्रह, कशावरही भागतं. अट एवढीच, की तिथे पूर्वी कुणीतरी राहत असलं पाहिजे आणि आता कुणीही नसलं पाहिजे. वारा वाहता हवा. कुठेतरी पाणी ठिबकत हवं. टेबलावर कुणाची तरी अर्धवट चिठ्ठी हवी. आणि दारं सगळी बंद हवीत. उघडी दारं ह्या लोकांना आवडत नाहीत.

भावोजी पेशानं विमा सर्व्हेअर आहेत, सांगलीत. घाटात ट्रक उलटला, हळदीच्या गोदामाला आग लागली, तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर बसला, की कंपनी ह्यांना पाठवते. जाऊन बघायचं, फोटो काढायचे, कागद गोळा करायचे. ड्रायव्हरचा जबाब, गॅरेजवाल्याचं एस्टिमेट आणि पोलिसांचा पंचनामा ह्या तीन वेगवेगळ्या कथा असतात. त्या वाचून चौथी कथा लिहायची आणि तिला रिपोर्ट म्हणायचं, हा त्यांचा धंदा. दिवसभर हेच केल्यावर रात्री पुन्हा कोडी कशाला घालून घेता, असं मी एकदा विचारलं होतं. भावोजींना ते लागलं. "दिवसा असतात त्यांना कोडी म्हणू नकोस गं," ते म्हणाले. "कोड्याला उत्तर असतं."

त्यांना हे वेड लागलं ते 'मिस्ट'मुळे. रँड आणि रॉबिन मिलर ह्या दोन अमेरिकन भावांनी १९९३ साली हा गेम काढला, मॅकिंटॉशवरच्या हायपरकार्ड नावाच्या एका साध्याशा साधनातून. एक बेट, एक ग्रंथालय, काही जुनी यंत्रं आणि चिटपाखरू नाही. तुम्ही कोण, इथे का आलात, करायचं काय, ह्यातलं काही म्हणजे काही कुणी सांगत नाही. घड्याळ लावलेलं नाही. चुकलात तर मरत नाही. नुसतं एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जायचं, बघायचं, ऐकायचं, डोकं खाजवायचं. अशा ह्या गेमनं कम्प्युटरवरच्या गेमांच्या खपाचा जो उच्चांक केला, तो २००२मध्ये 'द सिम्स'नं मागे टाकेपर्यंत कुणाला मोडता आला नाही. बंदुकांच्या दुकानात वाचनालय थाटावं आणि रांग वाचनालयापुढे लागावी, तसला प्रकार.

मूळ खोक्यात गेमबरोबर नोंदी करायला एक कोरी वहीही दिलेली असे. भावोजींच्या हाती आली ती मित्राची सीडी, चार हातांतून फिरून आलेली, वहीशिवाय. म्हणून त्यांनी एका विमा एजंटानं फुकट दिलेली डायरी घेतली. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्या डायऱ्यांमध्ये उजव्या पानावर ट्रकचे नंबर आणि डाव्या पानावर बेटांचे नकाशे, अशी वाटणी आहे.

'मिस्ट'मध्ये एक रॉकेट आहे. त्यात एक वाद्य आहे आणि पाच दांड्या. वाद्यावर ठरावीक पाच सूर वाजवायचे आणि प्रत्येक दांडी सरकवत त्या-त्या सुराला आणून लावायची. भावोजींना सुराचं अंग नाही. राष्ट्रगीतसुद्धा ते ओठ हलवूनच म्हणतात. ते महिनोन् महिने त्या रॉकेटमध्ये बसून होते. अशात त्यांचं ताईशी लग्न झालं. ताई गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिलेली. पूजा-गोंधळ उरकून आठवडा होतो न होतो तोच भावोजींनी तिला कम्प्युटरसमोर बसवलं आणि विचारलं, "हा आणि हा, एकच सूर आहे का?" ताईनं पाचही दांड्या बसल्या बसल्या लावून दिल्या. रॉकेट चालू झालं. कुठल्याही नवऱ्यानं बायकोचं कौतुक केलं असतं. भावोजी मात्र दोन दिवस गप्प होते. त्यांच्या हिशेबी ती मदत झाली होती. गेम त्यांनी पूर्ण केला, पण आजही कुणी 'मिस्ट'चं विचारलं तर ते म्हणतात, "सोडवला. म्हणजे, एक जागा सोडून."

१९९७ला 'रिव्हन' आला, 'मिस्ट'चा पुढचा भाग. तो पाच सीड्यांवर होता. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलं, की कम्प्युटर थांबून म्हणायचा, आता अमुक नंबरची सीडी घाला. भावोजींना ह्याचा त्रास झाला नाही. त्यांच्या मते खरा प्रवास असाच असतो, मध्ये गाडी बदलावी लागते. त्या गेममधल्या लोकांची आकडे लिहायची पद्धतसुद्धा वेगळी. पाचाच्या पटीत चालणारी. ती खेळणाऱ्यानं तिथल्या शाळेतल्या मुलाच्या खेळण्यावरून स्वतः शिकायची. भावोजी शिकले. मग हौसेनं घरखर्चाचा हिशेब काही दिवस त्याच आकड्यांत लिहीत होते. दूधवाल्याचं बिल दोनदा दिलं गेल्यावर ताईनं ती हौस बंद केली.

ह्या माणसांना ओळखण्याची पक्की खूण म्हणजे हिंटबद्दलची त्यांची मतं. दारूबंदीवाल्याला दारूविषयी नसतील इतकी ती कडक असतात. आज कुठल्याही गेमचं संपूर्ण उत्तर यूट्यूबवर मिळतं, हे भावोजींना माहीत आहे, आणि म्हणून एखादा गेम अर्धवट असला की ते यूट्यूबच उघडत नाहीत. चुकून समोर आलं तर? एकदा भाच्यानं सद्हेतूनं, बाबा बिचारे तीन आठवडे एका लिफ्टपाशी अडकलेत म्हणून, उत्तर शोधून जेवताना सांगायला सुरुवात केली. "बाबा, ती लिफ्ट ना, तिच्या मागे..." एवढंच. भावोजी ताटावरून उठून गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. आमटी गार झाली.

पण तत्त्व कितीही कडक असलं तरी पोट आहेच. अडकून फार दिवस झाले, की भावोजी हिंट न मागता हिंट मागू लागतात. ज्यानं तो गेम खेळलाय अशा कुणाला तरी फोन लावतात. हवापाण्याच्या गप्पा होतात. मग सहज विचारल्यासारखं, "नाही, सांगू नकोस काही. फक्त हो की नाही म्हण. मी जिथे शोधतोय, तिथेच शोधू का?" समोरचा म्हणतो, तुम्ही कुठे शोधताय ते कळल्याशिवाय कसं सांगू? भावोजी म्हणतात, "ते सांगितलं तर तुझ्या आवाजावरून मला कळेल." मग दोघंही थोडा वेळ काही बोलत नाहीत आणि फोन ठेवतात. कोणी खेळलेलं सापडलं नाही, तर ते ताईला विचारतात. तिला काहीच माहीत नसल्यामुळे तिची हिंट ते हिंट धरत नाहीत.

मग २०१६ साली 'द विटनेस' आला आणि भावोजी घराबाहेरही बिघडले. जोनाथन ब्लो नावाच्या माणसानं वर्षानुवर्षं खपून केलेला हा गेम. पुन्हा बेट. पाचशेहून जास्त कोडी, बहुतेक सगळी एका जातीची: चौकटीतल्या जाळीतून एक रेघ न्यायची, सुरुवातीच्या गोलापासून शेवटच्या टोकापर्यंत. नियम सांगणारं एक अक्षर कुठे नाही. सोप्या कोड्यावरून अवघड कोड्याचा नियम आपण ताडायचा. पार्श्वसंगीतही नाही. वाळूवर पावलं वाजतात, पानं सळसळतात, बस. ह्या गेममध्ये अर्ध्या वाटेवर एक गोष्ट लक्षात येते, जी लक्षात आल्यावर माणूस खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारतो. ती काय हे मी इथे लिहिलं तर भावोजी माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीत. एवढंच सांगते, की ती लक्षात आल्यापासून ते कुठेही गोल आणि त्याला जोडलेली रेघ दिसली की थबकतात. आयर्विन पुलावर संध्याकाळी फिरायला गेलो असताना दिवा, खांब आणि पाण्यातलं प्रतिबिंब एका ओळीत आणण्यासाठी ते एका पायावर इतके वाकले, की येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोघांनी येऊन दंड धरला आणि "काका, काही टेन्शन आहे का?" असं विचारलं.

त्याच बेटावर एक कोडं असं आहे, की जवळपास तासभर चालणारं एक व्याख्यान संपेपर्यंत ठिय्या मारून बसल्याशिवाय ते सुटत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत दहाव्या मिनिटाला 'गाडी लावून येतो' म्हणून पसार होणारा हा माणूस त्या व्याख्यानाला जागचा हलला नाही. व्याख्यान संपत आलं आणि वीज गेली. ताई घाबरली, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून. भावोजी अंधारात शांतपणे म्हणाले, "उद्या पुन्हा ऐकू. चांगलं बोलतो माणूस."

आता ह्याला म्हणायचं काय? बर्नार्ड सूट्स नावाचा एक तत्त्वज्ञ कॅनडात शिकवत असे. त्यानं १९७८ साली एका पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की गरज नसलेले अडथळे आपणहून ओढवून घेऊन ते पार करणं म्हणजे खेळ. व्याख्या नेटकी आहे. भावोजींना मी ती सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण अडथळे उभे करणारा कोण, ते बघावं लागतं की." त्यांचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला वाटायचं, माणूस एकलकोंडा आहे, गर्दीला कंटाळतो, म्हणून निर्मनुष्य जागा शोधतो. पण एकलकोंडा माणूस लग्नात पंगतीत वाढायला उभा राहत नाही. भावोजी राहतात, तेही जिलबीला. शिवाय ती बेटं नीट बघितली तर तिथे एक माणूस सतत हजर असतो. हे दार इथे कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. ह्या खिडकीतून बघितलं की तो मनोरा दिसावा, आणि मनोरा दिसला की ह्या भाबड्या माणसाला अमुक शंका यावी, हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. भावोजी एकटे नसतात तिथे. त्यांची त्या न दिसणाऱ्या माणसाशी जुगलबंदी चालू असते. तो लबाडी करतो, पण फसवत नाही. लपवतो, पण जे लपवलंय ते आहे नक्की.

ह्यावरूनच 'आउटर वाइल्ड्स'वर त्यांचा जीव का, तेही कळतं. २०१९चा गेम. एक छोटी सूर्यमाला, तुमचं एक लाकडी-पत्र्याचं यान, आणि दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. सगळं नष्ट. पुन्हा सुरुवात. हाती काही उरत नाही. ना पैसे, ना हत्यार, ना बढती. जे कळलं तेवढंच पुढच्या खेपेला बरोबर येतं. आमच्या भाच्याच्या गेमांत तलवारीची धार वाढते, चिलखत मिळतं, नाण्यांचा खणखणाट होतो. भावोजींना हे चिल्लर वाटतं. त्यांच्या मते पहिल्या मिनिटालाही शेवटचं दार उघडता येत होतं, फक्त आपल्याला अक्कल नव्हती, ह्यासारखं सुख दुसरं नाही. मी म्हटलं, ह्याला सुख म्हणतात का? ते म्हणाले, "मग? कुणाची चिठ्ठी आणावी लागली नाही. कुणाची ओळख काढावी लागली नाही."

मात्र ह्या बुद्धीचा घरात उपयोग शून्य. रिव्हनचं गणित स्वतः शिकलेला हा माणूस आपल्या घरच्या गीझरचं कोणतं बटण कशाचं, हे दर हिवाळ्यात नव्यानं विचारतो. मिक्सरचं भांडं खटका बसेपर्यंत फिरवायचं असतं हे त्यांना मान्य नाही. आणि ताई रुसली की त्यांची जी अवस्था होते ती बघवत नाही. ती काय म्हणाली, काय म्हणाली नाही, भांडी कोणत्या आवाजात ठेवली, ह्याची ते मनात नोंद करतात, घरभर फिरून पुरावे बघतात आणि शेवटी फ्रिजसमोर उभे राहतात. तिथे कुणी अर्धवट चिठ्ठी ठेवलेली नसते.

आता 'ओब्रा डिन'. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा लुकस पोपनं २०१८मध्ये जवळजवळ एकहाती केलेला गेम, आणि तो भावोजींसाठीच केला असावा, अशी आम्हा सगळ्यांची खात्री आहे. जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखं नुसतं काळं-पांढरं चित्र. ईस्ट इंडिया कंपनीशी करार असलेलं एक व्यापारी जहाज बेपत्ता होतं आणि १८०७ साली इंग्लंडच्या फालमथ बंदराशी आपोआप तरंगत येतं. जहाजावर जिवंत कुणी नाही. एकंदर साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, तो कशानं मेला, मारला तर कुणी, हे शोधायचं. तुमच्यापाशी एक जादूचं घड्याळ असतं, ज्यानं प्रेताच्या मरणाचा क्षण तेवढा गोठलेला दिसतो. आणि तुम्ही कोण असता? कंपनीचे विमा निरीक्षक!

म्हणजे हा माणूस दिवसभर मिरज एमआयडीसीत जळालेल्या शेडचा सर्व्हे करून यायचा, अंघोळ करायचा, पिठलं-भाकरी जेवायचा आणि रात्री दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाचा सर्व्हे करायला बसायचा. ताई म्हणाली, "ह्याची तरी फी मिळते का?" फी मिळत नव्हती. भावोजींची त्याबद्दल तक्रार नव्हती, पण दुसऱ्या काही व्यावसायिक तक्रारी होत्या. जहाजाची मूळ कागदपत्रं आधी का दिली नाहीत, साक्षीदारांचे जबाब का नाहीत, माल सोडवून घेतला की नाही. एकदा तर रात्री साडेबाराला ताईला उठवून त्यांनी विचारलं, "साल्व्हेजचं काय केलं असेल गं त्यांनी?"

जहाजावर हिंदुस्थानातले खलाशीही आहेत. ते सापडल्यावर भावोजींना भरून आलं. त्या काळी कोकण किनाऱ्यावरची माणसं गोऱ्यांच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात, हे खरंच आहे. गेममध्ये मात्र फक्त 'भारत' एवढंच लिहिलेलं आहे. भावोजींनी डायरीच्या डाव्या पानावर त्यांच्यापुढे 'रत्नागिरीकडचे असावेत' असा शेरा मारला. नुकसानभरपाई वारसांपर्यंत पोचली असेल का, अशी खालून एक ओळ.

हा गेम त्यांनी घेतला तो २०१९च्या हिवाळ्यात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर भावोजी दुकानादुकानांतून फिरत होते. भिंतीवर पाण्याची रेघ, खाली चिखल, चिखलात माल. माल किती होता? रजिस्टरात बघा. रजिस्टर कुठे आहे? मालाखाली. प्रत्येकाचं सांगणं खरं वाटायचं आणि आकडा मात्र एकाचाही जुळायचा नाही. रिपोर्ट लिहून लिहून त्यांची बोटं दुखली. विमेदार म्हणायचा, भावोजींनी कमी लावलं. कंपनी म्हणायची, जास्त लावलं. आणि फाइल बंद व्हायची. इतक्या वर्षांच्या सर्व्हेत आपण लिहिलं ते खरंच तसं घडलं होतं की नाही, हे त्यांना एकदाही, कुणीही, सांगितलेलं नाही. सांगणार कोण?

'ओब्रा डिन'मध्ये तिघांची नावं आणि तिघांची मरणं बरोबर लागली, की खेळ थांबतो, संगीत वाजतं आणि तुमच्या हस्ताक्षरातल्या नोंदी छापील अक्षरांत पक्क्या होतात. बरोबर. बरोबर. बरोबर. पहिल्यांदा ते झालं तेव्हा भावोजींनी हेडफोन काढून ठेवले आणि आत येऊन पाणी प्यायले. "काय झालं?" ताईनं विचारलं. "तीन क्लेम सेटल झाले," ते म्हणाले. सूट्ससाहेबांच्या व्याख्येवर त्यांनी पूर्वी घेतलेला आक्षेप मला तेव्हा कुठे समजला.

ह्या गेमांचं एक दुःख असतं. एकदा सुटला की संपला. उत्तर माहीत असलेलं दार पुन्हा उघडण्यात राम नाही, आणि विसरायचं म्हटलं तर विसरता येत नाही. क्रिकेटवाल्याला रोज नवी मॅच मिळते. ह्यांना नवं बेट वर्षा-दोन वर्षांत एखादं मिळणार. त्यावर ह्या जमातीनं एकच उपाय काढलाय: दुसऱ्याला खेळायला बसवायचं आणि त्याच्या डोळ्यांनी पुन्हा पहिल्यांदा बघायचं. त्यामुळे भावोजींच्या घरी जाणं धोक्याचं झालंय. चहा व्हायच्या आत तुम्हाला खुर्चीत बसवलं जातं. ते मागे उभे राहतात, सून पहिल्यांदा पुरणपोळी लाटत असताना सासू उभी राहते तसे. बोलत काही नाहीत, पण योग्य दिशेला बघितलं की श्वास थांबतो आणि चुकीच्या दिशेला गेलात की सोडलेला ऐकू येतो. मी 'द विटनेस'ची सुरुवातीची बरीच कोडी निव्वळ त्यांच्या श्वासावर सोडवली.

ताईला त्यांनी कधी बसवलं नाही. ते रॉकेट अजून मनात होतं. शिवाय मधल्या काळात आणखी एक प्रकार घडला होता. 'मॉन्युमेंट व्हॅली' नावाचा २०१४चा मोबाइलवरचा गेम आहे. अशक्य भूमितीचे जिने आणि मनोरे, त्यांतून एका छोट्या राजकन्येला न्यायचं. दहा अध्याय. भावोजींनी तो महिनाभर पुरवायचा म्हणून जपून ठेवला होता. ताईनं मिरज-पुणे प्रवासात त्यांच्या फोनवर तो वाठारच्या पुढे कुठेतरी संपवला आणि "छान होता, रंग गोड आहेत" म्हणून फोन परत दिला.

ज्यांना 'ओब्रा डिन' खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. जहाजावर चार चिनी खलाशी आहेत. चौघांची नावं यादीत दिसतात, चेहरे दिसतात, पण कुठलं नाव कुणाचं ते कळता कळत नाही. भावोजी ह्या चौघांपाशी पावसाळाभर अडकले. उच्चारांवर विचार केला, कामांचे तक्ते केले. एका दृश्यात सगळे खलाशी झोळ्यांत झोपलेत, झोळ्यांना नंबर आहेत, नंबर यादीशी जुळतात. पण झोपलेल्यांचे चेहरेच दिसत नाहीत. ताई चहाचा कप ठेवायला आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अहो, पाय बाहेर आहेत की त्यांचे. कुणाच्या पायात काय आहे ते बघा." दाराबाहेरच्या चपला बघून आत कोण पाहुणे आलेत आणि पोहे किती टाकायचे, हे जिनं आयुष्यभर ठरवलं, तिला हे दिसणारच. भावोजींनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. तक्ते मिटले. मग त्यांनी काय केलं असेल? ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बस."

हल्ली मी गेले की खुर्चीत ताई असते. तिनं पहिल्यापासून नव्यानं सुरुवात केली आहे. डायरी नाही, नकाशे नाहीत. ती नुसती चेहरे बघते. "हा कामचुकार दिसतोय," "हा त्या पोराचा मामा लागत असणार," असं पुटपुटत नावं लावते, आणि निम्मी बरोबर येतात, ज्याचा भावोजींना अतोनात त्रास होतो, कारण ही पद्धत कुठल्याच रिपोर्टात बसत नाही. मागे उभं राहून श्वास सोडायची त्यांना बंदी आहे. परवा तर तिनं त्यांना डाळ-भाताच्या कुकरवर लक्ष ठेवायला स्वयंपाकघरात पाठवलं होतं, तीन शिट्ट्यांवर बंद करायला सांगून. दोन मिनिटांनी आतून आवाज आला.

"अगं, आत्ता झाली ती दुसरी की तिसरी?"

ताईनं एका कानावरचा हेडफोन जरा बाजूला केला.

"हिंट मागायची नाही," ती म्हणाली.